आतली चिठ्ठी

शंकरप्पांच्या घरात मासा शिरला तो फ्रिजमधून, दह्याच्या भांड्यामागे लपून.

त्यांची मुलगी मंजुश्री लातूरच्या कॉलेजात जीवतंत्रज्ञान शिकत होती. समुद्री जीवांच्या जनुकांवर काम करणाऱ्या, किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत तिला दोन महिन्यांची इंटर्नशिप हवी होती. प्रयोगशाळेनं परीक्षा म्हणून चोवीस इवल्या नळ्या एका डब्यात घालून धाडल्या. प्रत्येकीत स्पिरिटमध्ये बुडवलेला माशाच्या पराचा तुकडा. कोणत्या नंबरचा तुकडा कोणत्या जातीचा, ते आठवड्यात कळवायचं. सोमवारी कॉलेज उघडेपर्यंत नळ्या घरीच. शंकरप्पा तुरीचे आडते, घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नसे. म्हणून मंजुश्रीनं आईला, लक्ष्मम्मांना, सांगितलं, "अव्वा, औषधं हायेत. हात लावू नको."

कोणाची औषधं, हे कळल्याशिवाय लक्ष्मम्मांना चैन कुठलं? रविवारी त्यांनी डब्यातला कागद उलगडला. त्यावर माशाचं चित्र होतं.

मंजुश्री आंघोळ करून आली तेव्हा चोवीस नळ्या भांड्याच्या पावडरीनं घासून, विभूतीचे पट्टे लावून ओट्यावर ओळीनं उभ्या होत्या.

"अव्वा, यावरचे नंबर?"

"ते काळं काळं व्हय? निघालं की. लई घासावं लागलं."

 एवढ्यात शंकरप्पा आडतीवरून आले.

"नंबर गेले, अप्पा. इंटर्नशिप गेली माझी."

शंकरप्पांनी चष्मा लावला, एक नळी उजेडात धरली. "आत बघितलंस का?"

आत, तुकड्याशेजारी, बोटाच्या पेराहून बारीक चिठ्ठी होती. तिच्यावर पेन्सिलीनं सतरा. सगळ्याच नळ्यांत आपापल्या नंबराची चिठ्ठी.

"आडतीत तुरीच्या सँपलला चिठ्ठी बाहेर एक, आत एक. बाहेरची कधीतरी जातीच. आल्या त्याच दिवशी टाकल्या मी."

"म्हंजी मासा हाय ते तुम्हाला ठाऊक होतं?" लक्ष्मम्मा म्हणाल्या.

"आडत्या माल बघत न्हाई, नंबर बघतो."

मंजुश्रीनं कॉलेजात तुकडे तपासून उत्तरं धाडली, ती चोवीसच्या चोवीस बरोबर आली. परीक्षेतल्या बाकीच्या पोरांच्या नळ्या कॉलेजच्या वाटेत गळल्या आणि स्पिरिटनंच त्यांचे नंबर पुसून टाकले. एकट्या लातूरची यादी जागेवर होती. प्रयोगशाळेनं मंजुश्रीला बोलावलं, शिवाय नळीच्या आत चिठ्ठी टाकायची ही रीत आमच्या लोकांनाही शिकवा, असं लिहिलं. शंकरप्पांनी ते पत्र अख्ख्या बाजारात वाचून दाखवलं आणि पोरीचं तिकीट स्वतः काढून आणलं.

संध्याकाळी लक्ष्मम्मा देवापुढं दिवा लावत होत्या. वात पुढं सारता सारता थांबल्या.

"अवं, तुमची बोटं ही अशी जाड. त्या बारक्या नळीत चिठ्ठी घातली कशानं?"

"चिमट्यानं."

"कोणत्या?"

 शंकरप्पा लक्ष्मम्मांच्या हाताकडं बघून राहिले. लक्ष्मम्मांनीही बघितलं. हातात दिव्याची वात सारायचा चिमटा होता.

"माशाला लागला न्हाई," शंकरप्पा हळूच म्हणाले.

लक्ष्मम्मांनी चिमटा खाली ठेवला, विभूतीचा डबा ओढला.

"हात पुढं करा. दोन्ही."