संगणक-सुरक्षेत मोठ्या बाईंचे योगदान

कोणत्याही कार्यालयाची सुरक्षितता तिथल्या कर्मचाऱ्यांना संगणक किती कमी कळतो यावर अवलंबून असते. या कसोटीवर आमचे जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय अत्यंत सुरक्षित होते. मग एके दिवशी सगळ्यांना ‘बढतीची यादी पाहण्यासाठी इथे दाबा’ असा मेल आला आणि त्रेचाळीसपैकी एक्केचाळीस जणांनी दाबले. (उरलेल्यांपैकी एक जण रजेवर होते, दुसऱ्यांना माऊस सापडला नाही.) बड्या साहेबांनी दोनदा दाबले, कारण पहिल्या वेळी यादी उघडली नाही. मेल मुख्यालयानेच परीक्षा म्हणून पाठवला होता.

आठवड्याभरात परिपत्रक आले. पहारा द्यायचा तर आधी चोरी यायला हवी, सबब प्रत्येक कर्मचाऱ्याने ‘किल्ला’ हा ऑनलाइन खेळ एका महिन्यात पूर्ण करावा. खेळ सोपा होता. किल्ल्याला दहा दरवाजे. प्रत्येक दरवाजाचा पासवर्ड कुठेतरी लपवलेला. तो शोधून काढला की दरवाजा उघडतो आणि पुढचा समोर येतो. निम्मे दरवाजे उघडले की पास. जो पाचव्याच्या आत अडकेल, त्याची बदली तळघरातल्या अभिलेख कक्षात.

आमच्या हेडक्लार्क मोठ्या बाईंना निवृत्तीला अकरा महिने होते आणि गुडघे त्याआधीच निवृत्त झाले होते. तळघराला सेहेचाळीस पायऱ्या. लिफ्ट नाही.

“त्या पायऱ्या मी एकदा उतरले, की वर माझा दाखलाच येईल,” बाई म्हणाल्या. कोणता दाखला, हे आमच्या कार्यालयात समजावून सांगावे लागत नाही.

कार्यालयाचे संगणकसाहेब मात्र आनंदात होते. खुर्चीमागे तीन प्रमाणपत्रे चौकटीत लावलेली. परिपत्रक आल्यापासून ते टोपीवाला काळा स्वेटर घालून येऊ लागले. (भर उकाड्यात.) ते बाईंना म्हणाले, “बाई, तुम्ही दुसऱ्या दरवाजापर्यंत पोचलात तरी मी पेढे वाटीन.”

पहिल्याच दरवाजापाशी बाईंनी विचारले, “या पानाची मागची बाजू कुठंय?” लोकांना जे दाखवायचे नसते ते कागदाच्या मागे असते, हा त्यांचा एकतीस वर्षांचा अनुभव. शेजारच्या टंकलेखिकेने पानामागचा मजकूर उघडून दाखवला. पासवर्ड तिथेच होता. दुसऱ्या दरवाजाचा पासवर्ड ‘कृपया वाचू नये’ नावाच्या फाइलमध्ये होता. बाईंनी ती सर्वांत आधी वाचली. तिसऱ्याला अक्षरांची अदलाबदल केली होती. निवृत्त निबंधकांचे हस्ताक्षर बाईंनी नऊ वर्षे लावले होते. त्यापुढे हे अगदी सुवाच्य होते.

चौथ्याला चार आकडी क्रमांक हवा होता. दहा हजार क्रमांक आपोआप तपासणारा प्रोग्रॅम लिहा, अशी सूचना होती. बाईंनी रजिस्टर आखले आणि शून्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी दुपारी, २७४१ला, दरवाजा उघडला.

पाचवा मात्र हलेना. आठ दिवस उरले. संगणकसाहेबही सहाव्यापाशी अडकले होते, पण त्यांच्या मते तो तत्त्वतः सुटला होता. एका दुपारी बाई कुणाला न सांगता तळघराचा जिना बघून यायला गेल्या आणि एकोणिसाव्या पायरीवर बसून राहिल्या. टंकलेखिकेने हात धरून वर आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी खेळाच्या तळाशी छापलेला मदत कक्षाचा नंबर लावला.

“नोंदणी कार्यालयातून बोलतेय. पाचव्या दरवाजाचा पासवर्ड तपासून घ्यायचाय.”

“मॅडम, तो सांगता येत नाही,” पलीकडचा माणूस म्हणाला.

“सांगू नकाच. मी वाचते, तुम्ही फक्त हो-नाही म्हणा. काळं मांजर सात.”

“छे! पांढरा उंदीर नऊ!”

“बघा, किती चुकीची नोंद झाली असती,” बाई म्हणाल्या. माणूस माहिती देत नाही, पण समोरच्याची चूक दुरुस्त केल्याशिवाय त्याला राहवत नाही, हे नोंदणी खात्यात पहिल्या वर्षीच कळते.

वीस मिनिटांत नऊ दरवाजे झाले. मधल्या वेळात त्या माणसाच्या मुलीच्या दाखल्यावरचे चुकलेले नावही बाईंनी मार्गी लावले. दहाव्याचा पासवर्ड फक्त मॅनेजरला ठाऊक होता. बाईंनी फोन जोडून घेतला.

“साहेब, तुमच्या नावापुढं मयत दिसतंय.”

“काय? अहो, मी जिवंत आहे!”

“सगळे तसंच म्हणतात. तुम्हीच बोलताय कशावरून? फक्त तुम्हालाच ठाऊक असेल असं काहीतरी सांगा.”

मॅनेजरांनी सांगितले. दहावा दरवाजा उघडला. बाईंनी त्यांना जिवंत केले आणि चहा मागवला.

संगणकसाहेबांनी तक्रार केली, की ही शुद्ध फसवणूक आहे. कंपनीने उत्तर पाठवले: दोन लाख खेळाडूंपैकी खऱ्या चोरासारखे आत शिरलेल्या या पहिल्याच. सोबत बाईंना व्याख्यानाचे निमंत्रण होते. मदत कक्षाचा नंबर त्याच दिवशी बंद झाला.

मुख्यालयाने बाईंना सुरक्षा प्रमुख नेमले. टेबल तळमजल्यावर, दारालगत. अभिलेख कक्षाला कुणीतरी हवेच होते, म्हणून संगणकसाहेबांना तिथे पाठवले. (एकाग्रता चांगली होते म्हणतात. सहावा अजून तत्त्वतःच सुटलेला आहे.)

हा वृत्तांत बाईंच्याच आदेशावरून लिहिला. वाचताना तुम्हाला त्या मॅनेजरचे हसू आले असेल. बाईंनाही तुमच्यासारख्या जाणत्या वाचकांबद्दल आदर आहे. तुमच्या पासवर्डची नोंद आम्ही ‘धाकट्या अपत्याचे नाव आणि पुढे त्याचे जन्मसाल’ अशी करून ठेवली आहे.

नाही? चुकले? मग नेमका कसा आहे तेवढे सांगा, लगेच दुरुस्त करून घेतो.