अतिवाहक राज्यांतून परके हांकलिले त्याची हकीकत

श्री शैत्य प्रसन्न. शके १९०८, क्षयनाम संवत्सरीं ताम्राच्या मुलुखीं जेथें विजेस अडथळा नाहीं असें एक अतिवाहक राज्य उदयास आलें. राज्याचें नांव लिहीत नाहीं, प्रजा इलेक्ट्रॉनांची. थंडी कडक पडली म्हणजे प्रजा जोडीजोडीनें, हातांत हात घालून चाले, आणि चालतां ठेंच नाहीं, जकात नाहीं, घाम नाहीं. जुन्या राज्यांत चारी दिशांस एकच पाऊल आधीं पडे, म्हणून वाटेंत कोणी परका बसला तरी जोडी वळसा घालून सुखरूप जाई. येथील रीत निराळी. पूर्वपश्चिम चालतां उजवें पाऊल आधीं, दक्षिणोत्तर चालतां डावें. ऐशांत जस्ताचे चार परके येऊन चौकांत बसले. कोणास बोलले नाहींत, उठले नाहींत. परंतु त्यांस वळसा घेतांना एकाचें उजवें पडे, दुसऱ्याचें डावें, आणि मग हात सुटत. राजे कोपले आणि कोतवाल हैबतराव खुरपे यांस आज्ञा जाहली कीं, परके घालवावे, न घालविल्यास तुमचीच जोडी मोडूं. हैबतरावांचा जीव कुटुंब सगुणाबाई यांच्या हातांत. त्यांनीं परक्यांस अपराध पुसला. ते म्हणाले, बसलों आहों, इतकाच. मग धक्के मारून सरहद्दीपार केले, आणि दरबारीं शेला मिळाला. सगुणाबाई म्हणाल्या, "बसलेल्यांस उठविलेंत. पराक्रम थोर हो."

पुढें चुंबकाची स्वारी आली. त्याचें सैन्य म्हणजे भोवरे. पूर्वीं परक्यांभोंवतीं जोड्या मोडलेल्या असत, त्या ओसाड जागीं भोवरा निवारा पाहून अडकून राहता. आतां राज्य निर्मळ, अडकावें कोठें? भोवरे या सरहद्दीपासून त्या सरहद्दीपर्यंत लोळूं लागले, आणि त्यांसवें जकात आली, घाम आला. राजे म्हणाले, परके आणा. हैबतराव धांवले, तों परके पितळेच्या राज्यीं वतनदार होऊन बसलेले. तेथें जस्तावांचून राज्यास पितळ हें नांवच नाहीं. ते हंसले, आले नाहींत. हैबतराव रित्या हातें परतले, तेव्हां राजे शांतपणें म्हणाले, "मग आपणच बसावें."

हैबतरावांनीं सगुणाबाईंचा हात सोडिला आणि चौकांत बैठक मारिली. पहिला भोवरा आला तो त्यांच्याच पायांशीं अडकला, आणि राज्य वांचलें. पुढें सगुणाबाई दुसऱ्या जोडीदाराचा हात धरून तेथें आल्या. वळशास पाऊल चुकलें, हात सुटला.

"कोतवाल," त्या म्हणाल्या, "वाटेंतून उठा."

हैबतरावांनीं पायांशीं फिरणाऱ्या भोवऱ्याकडे पाहिलें, आणि उठले नाहींत.

एवंच, राज्य चालतें आहे. चौकापाशीं अडखळतें, म्हणूनच चालतें. या लिहिण्यांत दोष आढळतील, ते सुज्ञांनीं काढूं नयेत.