चारशे वर्षांचा रंग

अध्यक्ष थाओंनी उजवा हात मनगटापर्यंत कुंचले ठेवायच्या लाकडी भांड्यात घातला आणि डोळे मिटले.

"जुनं लाकूड बाहेरून थापा मारतं, फान. आतून नाही." त्यांनी तळ चाचपला. "मिंग राजवटीचा काळ. चारशे वर्षं. शंकाच नको."

फानचा जीव भांड्यात पडला. सूचौ शहराच्या पुराणवस्तुप्रेमी मंडळाचं उपाध्यक्षपद या एका वाक्यावर लटकलं होतं. पाइनच्या गाठाळ खोडासारखं कोरलेलं ते भांडं तो रोज मांडीवर घेऊन कुरवाळत असे. बायकोने कधीच आशा सोडली होती.

मग अध्यक्षांनी हात बाहेर काढला.

म्हणजे, काढायला गेले. निघेना.

"ओढ की!"

"कसं ओढू, साहेब? दुसऱ्याच्या हातातली वस्तू घ्यायची नाही. त्याने मेजावर ठेवायची, मग आपण उचलायची. तुम्हीच तर शिकवलंत."

थाओंनी हातासकट भांडं मेजावर ठेवलं. "ठेवलं. उचल."

फानने उचललं. अध्यक्षही उचलले गेले.

"करवत आणू?" शुझनने, फानच्या बायकोने, स्वयंपाकघरातून विचारलं.

"काय कापणार?"

"जे स्वस्त असेल ते."

"मिंग आहे ते!" दोघे एका सुरात ओरडले.

"मग साबण?"

"साबणाने तेज मरतं लाकडाचं!" (हेही एका सुरात.)

अक्रोडाचं तेल शास्त्राला धरून होईल का, यावर चर्चा सुरू झाली. चर्चा रंगली. अध्यक्षांची बोटं बधिर झाली. शेवटी शुझन भांडी घासायच्या गरम पाण्याचं घमेलं घेऊन आली आणि कोणाला न विचारता तिने अध्यक्षांचा हात त्यात बुचकळला.

सुळ्ळकन सुटला.

घमेल्यातलं पाणी सोया सॉससारखं झालं होतं. अध्यक्षांचा हात मनगटापर्यंत तपकिरी. आणि भांडं नव्या पोळपाटासारखं गोरंपान.

"चहाचं पाणी आणि बूटपॉलिश," शुझन हुंगून म्हणाली. "गेल्या वर्षीचं असेल फार तर."

फानला उपाध्यक्षाची खुर्ची आपल्याकडे पाठ फिरवून चालू लागलेली दिसली. तो अध्यक्षांकडे बघेना, अध्यक्ष त्याच्याकडे बघेनात.

मग थाओंनी हात खिडकीच्या उजेडात धरला. उलटा केला. सुलटा केला.

"हल्लीचे रंग दोन पावसांत उडतात," ते गंभीरपणे म्हणाले. "हा चारशे वर्षांनंतरही हाताला लागतो! याला म्हणतात जुनी कारागिरी."



"मी तेच म्हणणार होतो, साहेब."

"नजर आहे तुला. मंडळाला अशाच माणसाची गरज आहे."

"डोळे तपासून घ्या दोघे," शुझन म्हणाली आणि घमेलं मोरीत ओतलं.

पुढच्या सभेत अध्यक्षांनी तो तपकिरी हात मखमली उशीवर ठेवला. सभासद भिंगं घेऊन रांगेने आले, वाकले, हुंगले, माना डोलावत गेले. भांड्याची चौकशी कोणीच केली नाही. एका नव्या सभासदाने तेवढं भीतभीत विचारलं, "काळ कुठला म्हणायचा?"

"मिंग," उपाध्यक्ष फान म्हणाले. "मनगटाच्या वरचा भाग नंतरचा आहे."