चहा घेऊनच जा

मारोतरावांनी फॉर्म चौथ्यांदा घालवला, तेव्हा करिष्माने कपाळावर हात मारून घेतला.

मारोतरावांचा सगळा जन्म वीज खात्यात गेलेला. जागेवरून उठलं की चालू असेल ते बंद करायचं, हा त्यांचा बाणा. चष्मा पुसायला उठले तरी ब्राउझरची लाल फुली दाबून जात, आणि परत येईपर्यंत अर्धा भरलेला फॉर्म गायब झालेला असे. हा ब्राउझर खुद्द करिष्माने, त्यांच्या लेकीने, म्हाताऱ्या माणसांसाठी बनवला होता. अक्षरं बोराएवढी, बटणं पुरीएवढी. रविवारी तो शहराच्या महाल भागातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दाखवायचा होता. मंडळाच्या दोन संगणकांवर तो कायमचा बसवायचा की नाही, हे अध्यक्ष रुपराव ठरवणार होते. मारोतरावांनी मात्र "माझ्या पोरीनं बनवला" असं अर्ध्या महालाला आधीच सांगून टाकलं होतं. आता नाक राहतं की जातं, एवढाच प्रश्न होता.

"बाबा, मी एक पाटी टाकते. फुली दाबली की ती विचारेल, 'खरंच बंद करायचं का?'"

"पाहुण्याले असं विचारतेत काय वं? तुह्या आईले विचार!"

पुष्पलताबाई भाजी निवडत होत्या. त्यांच्या घरून पहिल्या उठण्याला पाहुणा कधी सुटला नव्हता. मान वर न करता त्या म्हणाल्या, "लिही. 'एवढ्यात काहून निघाले जी? बसा. चहा ठेवला आहे, घेऊनच जा.'"

करिष्माने लिहिलं. खाली दोन बटणं दिली, 'बरं, बसू' आणि 'येऊ आता'. 'जाऊ' लिहायला आईने साफ मनाई केली.

रुपराव म्हणजे कुठल्याही कार्यक्रमातून पाचव्या मिनिटाला उठणारे गृहस्थ. सख्ख्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत ते गाडीला किल्ली लावून बसले होते. रविवारी ते संगणकासमोर बसले, प्रवास सवलतीच्या फॉर्मात नाव टाकलं, घड्याळ पाहिलं आणि फुली दाबली.

पाटी आली. रुपरावांनी ती मोठ्याने वाचली.

"एवढा आग्रह कसा मोडू?" म्हणत त्यांनी 'बरं, बसू' दाबलं आणि हाताची घडी घातली. दोन मिनिटांनी त्यांनी मागे वळून पाहिलं. "मारोतराव, चहा कुठी आहे गा?"

"बाबा, ते नुसतं लिहिलंय," करिष्मा कुजबुजली.

"नुसतं कसं? शब्द दिला आपण!" मारोतरावांनी समोरच्याच गल्लीतल्या घरी फोन लावला. "एक कप चहा ठेव वं. काहून ते मंग सांगतो."

करिष्मा धावत जाऊन कप घेऊन आली. तो पाहून शेजारच्या संगणकावरच्या इंदूबाईंनीही फुली दाबली. त्यांच्यामागे रांग लागली. रुपरावांनी चहा संपवून पुन्हा फुली दाबली, पुन्हा आग्रह झाला, ते पुन्हा बसले. मारोतराव फोनवर "अजून चार", "अजून नऊ" असं हळू आवाजात सांगत राहिले. शेवटी दूध संपलं आणि पुष्पलताबाई किटली घेऊन स्वतःच मंडळात आल्या.

"एवढा चहा सांगून कोण राहिलं?"

सगळ्यांनी संगणकाकडे बोट दाखवलं. त्यांनी पाटी वाचली. शब्द त्यांचेच होते, आता रागवायचं कोणावर? किटलीत होता तेवढा चहा त्यांनी मुकाट ओतला आणि लेकीला बाजूला घेतलं. "आता दुसरी पाटी टाक. मी सांगतो तशी."

करिष्माने तिथल्या तिथे ती बदलली.

इकडे चहाची वाट पाहत रिकामं काय बसायचं म्हणून रुपरावांनी फॉर्म पुरता भरून पाठवूनही दिला होता. दीड तास झाला होता! त्यांनी शेवटची फुली दाबली.

'चहा झाला ना जी? आता आपली कपबशी विसळून ठेवा, अन् पुन्हा या.'

रुपराव उठले, कपबशी घेऊन नळावर गेले. त्यांच्या मागे सारं मंडळ गेलं. रुमालाला हात पुसत ते परतले आणि म्हणाले, "दोन्ही संगणकांवर कायमचा बसवा. माणसाले विचारते तरी!"

करिष्मा गालात हसली. मारोतरावांचे डोळे भरून आले, आणि छाती तर सदऱ्यात मावेना.

"पाहिलं का वं? ज्याले कोणी बसवू शकलं नाही, त्याले माझ्या पोरीनं दीड तास बसवलं!"

"तुमची पोरगी हुशारच आहे," पुष्पलताबाई किटली उचलत म्हणाल्या. "पण तुमचा कप कोण विसळन?"

आणि लग्नाच्या अडतीस वर्षांत पहिल्यांदाच मारोतराव आपला कप घेऊन नळाकडे निघाले.