आबांची सासू

धुळ्यात आमच्या शेजारच्या ओट्यावर रोज सकाळी सासूला बोल्टांनी आवळून बसवलं जायचं. आवळणारे होते आबा.

ही सासू म्हणजे एक लोखंडी चौकट. चौकटीत सुरीचं पातं आडवं धरायचं. बाजूला एक खुंटी, खुंटीला भोक, भोकातून सरकणारी सळई आणि सळईला बांधलेली कानस. कानशीनं कितीही मनात आणलं तरी तिला ठरलेला उतार सोडता यायचा नाही. म्हणून चौकट ही सासू आणि कानस ही सून. "हात बहकी जास भाऊ, सासू बहकत नही," हे आबांचं ब्रीद. ते ऐकून गल्लीतल्या सासवा खूश आणि सुना नाराज.

आबा जिनिंग मिलमधून निवृत्त झालेले फिटर. एकटे राहायचे, खानावळीचा डबा खायचे. आम्ही तिथं राहायला गेलो त्याच्या आधीच त्यांची बायको, गोदाबाई, वारली होती. भंगारातून ते ट्रकच्या कमानपाट्याचे तुकडे आणत, चुलीत लाल करून राखेत निववत, आणि मग दिवस दिवस कानस चालवत. पात्याची एक बाजू सपाट, दुसऱ्या बाजूला उतार. पुन्हा लाल करून तेलात बुडवलं की सुरी तयार. धार पाहायला ते स्वतःच्या मनगटावरचे केस तासत. त्यामुळं त्यांचा एक हात कोपरापर्यंत गुळगुळीत होता.

मशीनचं त्यांना वावडं. सायकलवर चाक फिरवणारा धारवाला गल्लीत शिरला की आबा ओट्यावरून ओरडत, "अरे, ठिनग्या कसाले उडाडस? ते पोलाद शे, दिवाई नही!"

"आबा, ह्या गल्लीमा मन्हा धंदाच बसाडी दिधा तुम्ही!"

"मंग तू बी बस. च्या पी."

आणि तो खरंच बसायचा. चहा आबांचा, शिव्याही आबांच्याच.

सुरी ते विकत नसत, देत. पण हातात नाही. सुरी हातात दिली की दोन घरांत भांडण लागतं, म्हणून ती ओट्यावर ठेवायची, तोंड फिरवायचं आणि घेणाऱ्यानं उचलेपर्यंत भिंतीकडं पाहत बसायचं. एकदा मला उचलायला उशीर झाला. आबा भिंतीलाच म्हणाले, "भाऊ, मान दुखी ऱ्हायनी."

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. मी स्वभावानं गप्प माणूस. गप्प माणसाला लोक सज्जन समजतात, आणि त्या समजावर मी कचेरीत आणि संसारात पुष्कळ वर्षं काढली.

आबांची सुरी कापायची नाही.

म्हणजे धार अशी की नुसत्या स्पर्शानं रक्त यावं. पण काकडीवर ठेवली की तिरकी पळायची. चकती एका कडेनं पातळ, दुसऱ्या कडेनं जाड. माझी बायको मंगल दोन दिवस झगडली, मग सुरी डब्यात ठेवून मुकाट्यानं विळीवर बसली. घरोघर हेच. समोरच्या मास्तरांकडं आबांच्या सुरीनं दाराची कडी उचकटायचे. शिंपी तिनं उसवायचा. पण आबांना सांगणार कोण? सगळे माझ्याकडं बघत, कारण शेजारी मी. आणि मी गप्प.

बरं, आबा तपासणीला येत. "वहिनी, सुरी दखाडा." मंगल डब्यातून काढून पदरानं पुसून खाली ठेवायची. आबा मनगटावरचा एखादा चुकार केस उडवत आणि त्यांचा चेहरा उजळायचा. "दखा भाऊ! वरीस व्हयनं, धार जशी व्हती तशीच शे!"

मंगल माझ्याकडं बघायची. मी छताकडं.

गल्लीभर धार जशीच्या तशी. आबांचा अभिमान वाढत गेला. ज्यांनी एक सुरी पचवली त्यांना दुसरी मिळू लागली.

मग हिवाळ्यात मंगलची थोरली बहीण, अक्का, पहूरहून आली. येताना भरताची वांगी घेऊन आली, आणि आल्या आल्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. अक्का डावखुरी. विळीशी तिचं आयुष्यात जमलं नाही. डबे धुंडाळताना तिच्या हाती सुरी लागली. पाट उलटा टाकून तिनं कांद्याची पात कापायला घेतली.

टक टक टक टक. पाऊस पडावा तशी बारीक, एकसारखी पात पाटावर पडत होती.

"अगं मंगल, ही सुरी तू डब्यात का कोंडलीस? लोण्यासारखी चालते की!"

भिंतीपलीकडं ओट्यावर चाललेली आबांची कानस थांबली. एरवी दुपारच्या डब्याशिवाय ती थांबत नसे. थोड्या वेळानं आबा आमच्या दारात उभे. आत आले नाहीत. पाटाकडं, मग अक्काच्या हाताकडं पाहत राहिले.

"डावा हात शे," ते म्हणाले.

"जन्माचा आहे," अक्का म्हणाली. "बसा आबा, भरीत खाऊन जा."

आबा उंबऱ्यावर बसले. मग माझ्याकडं वळले. "भाऊ, खरं सांगा. वहिनी हाई सुरी वापरतस का?"

छत होतं तिथंच होतं. पण त्या दिवशी माझ्यानं वर बघवलं नाही.

"नाही आबा. कोणीच वापरत नाही. उजव्या हातात ती तिरकी पळते."

आबांनी गुळगुळीत मनगटावरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हनीसनच धार जाये ना."

ते हसले, म्हणून आम्हीही हसलो. मग ते उंबऱ्याशीच बोलत असल्यासारखे सांगू लागले. गोदाबाई डावखुरी. लग्नानंतर विळीवर तिचा हात चालेना आणि आबांची आई तिला दिवसभर बोलायची. म्हणून आबांनी सुरी घासली. ती कापून पाहायची आणि म्हणायची, "हाई बी नही." आबा पुन्हा खुंटी सरकवत. अशा कितीतरी वाया गेल्यावर एक दिवस ती म्हणाली, "हाई पास." त्या दिवशी डाव्या हाताच्या उतारावर खुंटीचा नट आवळला, तो आवळलेलाच.

"सुरी कशी पाहिजे ते तिनीच सांगं," आबा म्हणाले. "दुसऱ्याना हातमा सुरी मी कव्हय दखीच नही. माले वाटनं, सुरी अशीच ऱ्हास."

दुसऱ्या दिवशी ते घरोघर फिरून सुऱ्या गोळा करून आले. कुणाला एक शब्द नाही. खुंटीचा नट गंजून बसला होता. त्यावर रॉकेल सोडलं, एक रात्र भिजू दिला, सकाळी पाना लावला. मी ओट्याशी उभा होतो. नट सुटला तेव्हा आबांनी तो लगेच खाली ठेवला नाही. शर्टाला पुसला आणि खिशात टाकला. खुंटी आता उजव्या हाताच्या उताराला, तिथं नवा नट.

सगळ्या सुऱ्या पुन्हा चुलीत गेल्या, पुन्हा घासल्या गेल्या. आता त्या सरळ कापू लागल्या आणि अर्थातच बोथटही होऊ लागल्या. "आबा, धार गेली!" करत बायका ओट्यावर येऊ लागल्या. आबा रागावल्यासारखं दाखवत, "काय दगड कापतस का?" म्हणत. पण खुशीत असत.

आमची सुरी तेवढी त्यांनी घेतली नाही. "हाई ऱ्हाऊ द्या. अक्का येतीन."

मग दर महिन्याला विचारणं सुरू झालं, "अक्का कव्हय येतीन?" अक्काचे गुडघे धरले होते, तिचं येणं होईना. मी सांगायचो, येईल, दिवाळीला येईल. खरं न सांगायची पुन्हा तीच माझी सवय.

शेवटी एका रविवारी मंगल देवळात गेली असताना मी पाट उलटा टाकला, आबांच्या ओट्याला लागून असलेल्या भिंतीच्या अगदी कडेला. सुरी डाव्या हातात धरली आणि कांद्याची पात कापू लागलो. टक. बऱ्याच वेळानं टक.

पलीकडं कानस थांबली. मीही थांबलो.

"बोट सांभायजा, भाऊ," भिंतीतून आवाज आला. आणि थोड्या वेळानं, हळूच, "थांबू नका."