मामाच्या टाकीचा पत्ता

कोणतीही वस्तू मुबलक असते तोवर तिला नियम लागत नाहीत. ती संपत आली की आधी समिती येते, मग नियम येतात, आणि नियम वाचून होईपर्यंत आपल्याला ती वस्तू कशाला हवी होती हे आठवेनासं होतं.

इंटरनेटच्या पत्त्यांचं असंच झालं. हे पत्ते म्हणजे साधे आकडे. यंत्राला असा आकडा नसेल, तर त्याच्याकडे काहीच पोचत नाही. पूर्वी मागेल त्याला ते टोपलीभर मिळत. आता शिल्लक नाहीत (म्हणजे आहेत, पण ज्यांना नको आहेत त्यांच्याकडे). नव्या, लांबलचक पत्त्यांचा अमाप साठा तयार आहे. तो सर्वांना पसंत आहे, आणि शेजाऱ्याने आधी वापरावा अशी सर्वांची इच्छा आहे.

एका ताईने शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत गावाला इंटरनेट पुरवणारं छोटं नेटवर्क उभं केलं. पहिलं गिऱ्हाईक टेकडीवरचं प्रसूतिगृह. अडलेल्या बाईची सोनोग्राफी तिथल्या तिथे शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायची, एवढंच डॉक्टरीणबाईंना हवं होतं. ताईच्या मामाचं जुनं नेटवर्क होतं आणि त्याच्याकडे पत्ते नुसते पडून होते. "घेऊन जा गं, भाचीला नाही द्यायचे तर कोणाला?" असं म्हणून तो ते तिच्या नावावर करायला तिला घेऊन पत्ता-कार्यालयात गेला.

तिथले साहेब अत्यंत न्यायी होते.

"घेणाऱ्याची गरज सिद्ध व्हायला हवी," ते म्हणाले. "जवळच्या पत्त्यांपैकी किती टक्के वापरलेत?"

"माझ्याकडे एकही नाही."

"ते कळलं. वापरलेत किती?"

"अहो साहेब, नसलेले कसे वापरू?"

"शून्य टक्के," साहेब कौतुकाने म्हणाले. "एवढी काटकसर आजवर पाहिली नव्हती. पण मग गरज दिसत नाही."

मामा उसळला. "माझे पडून आहेत, ते द्या की पोरीला!"

"पडून आहेत?" साहेबांनी चष्मा काढला. "पडून असलेले आम्ही परत घेतो. वापरात असलेले देता येत नाहीत. या दोन्हींत न बसणारे असतील, तर खुशाल द्या."

मामाची पाचावर धारण बसली. घरी जाऊन त्याने पत्ते वापरात आणले. प्रत्येक दिव्याला एक, दारावरच्या घंटेला एक, गच्चीवरच्या टाकीला एक, टाकीच्या झाकणाला वेगळा (झाकण ही स्वतंत्र वस्तू आहे, असा निर्णय पूर्वीच झालेला आहे). तपासणीला आलेले साहेब भारावले. सगळे पत्ते वापरात, म्हणजे गरज सिद्ध! त्यांनी मामाला इतरांकडून परत घेतलेले आणखी पत्ते मंजूर केले.

"मामा, आणि माझं काय?"

"थांब गं जरा. मलाच कमी पडतायत."

आता ती टाकी जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून बघता येते. टेकडीवरून सोनोग्राफी मात्र स्कूटरवरूनच शहरात जाते. तोवर बाळ थांबेल, असं नियमात गृहीत धरलेलं आहे.

ताई नियम बदलायला पत्ता-कार्यालयाच्या सभेत गेली. इथे नियम कोणी वरून लादत नाही. इंटरनेट वापरणारा कोणीही सभेला येऊ शकतो, घरबसल्या हरकतही कळवू शकतो. चहा शंभर जणांचा सांगितला होता, माणसं दहा-बारा आली होती. ताई घसा बसेपर्यंत बोलली. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "आहे त्या नियमाच्या विरोधात एक. बाकी सगळे गप्प, म्हणजे नियम संमत."

"बाकी सगळे म्हणजे? हे दहा-बारा जण?"

"छे हो ताई. जे आले नाहीत, ते सगळे."

तेव्हा वाचकहो, मनापासून अभिनंदन. तुमचं मत धरलेलं आहे.