तिसरा पुकारा

आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरांनाही माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट पाठ आहे. याचं श्रेय माझ्या कर्तृत्वाला नाही, मुंजाजीमामांना आहे. मामा आमच्याकडे चहाला येतात तेव्हा कडी वाजवत नाहीत, बेल दाबत नाहीत. फाटकाबाहेर ताठ उभे राहतात, डावा हात कानाशी नेतात आणि पुकारतात, "राजेंद्रऽ भीमरावऽ काळेऽ, राहणार अंबड, हाजीर हाय काऽऽ?"

एवढ्यावर भागत नाही. मी बनियनवर धावत जाऊन फाटक उघडलं तरी मामा माझ्याकडे बघत नाहीत. समोर उभ्या असलेल्या माणसाला ते आणखी दोनदा पुकारतात, आणि मगच चपला काढतात. एकदा मी वैतागून म्हणालो, "मामा, मी आलोय ना. दिसत नाही का?"

"दिसून राह्यले ना," मामा शांतपणे म्हणाले. "पण पुकारे तीन असतेत. तुम्ही जल्दी आले त्याला मी काय करू?"

मामा अंबडच्या कोर्टात शिपाई होते. मी त्याच कोर्टात कारकून. निवृत्त होईपर्यंत तीसएक वर्षं मामांनी मुख्यतः एकच काम केलं. साहेबांनी फाईल उघडली की दारात जाऊन पक्षकाराच्या नावाचा पुकारा करायचा. पक्षकार तरी एका जागी कुठले बसायला? कोणी चहाच्या टपरीवर, कोणी लिंबाखाली, कोणी थेट बसस्टँडवर. मामांचा आवाज सगळीकडे पोचायचा. एकदा जालन्याच्या गाडीत चढलेला साक्षीदार कंडक्टरला थांबवून उतरला आणि मुकाट परत आला. दुसऱ्या एका वेळेला, शेजारच्या मंगल कार्यालयात जेवायला आलेला त्याच नावाचा एक पाव्हणा पंगतीतून उठून, खरकट्या हातानं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन उभा राहिला होता. बिचाऱ्यानं शपथही घेतली होती.

अर्ध्या नावाचा मामांना तिटकारा. माझ्या मुलीला घरात सगळे चिऊ म्हणतात. मामा म्हणत, "चिऊ म्हंजे कोण? उद्या समन्स आलं तर झाडावर नेऊन लावायचं का?" ते तिला ईश्वरी राजेंद्र म्हणूनच हाक मारत, आणि आठ वर्षांची ती पोरगी त्या हाकेला पदर खोचून आल्यासारखी गंभीर होऊन येत असे.

स्वतः मामांना मात्र सगळं कोर्ट नुसतं 'मामा' म्हणायचं. मोंढ्यामागच्या एका खोलीत ते एकटेच राहत. घरी कोण कोण असतं हे त्यांना कोणी विचारलं नाही. लग्नच केलं नसेल असं आपलं आम्ही धरून चाललो होतो.

तर गेल्या वर्षी आम्ही बँकॉकला जायचं ठरवलं. मी, सुनीता आणि चिऊ. जालन्याच्या एका टूरवाल्याचा पाच दिवसांचा ग्रुप होता. जायच्या आधी राजूरच्या गणपतीला जाऊन आलो आणि प्रसादाचे पेढे मामांना दिले. मामांनी पेढा कपाळाला लावला, अर्धा खाल्ला, आणि शर्टाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढं धरलं. पासपोर्ट होता. कोरा करकरीत.

"दीड वर्ष झालं काढून ठेवलाय," मामा म्हणाले. "म्हणलं कोणी घरचं माणूस जाऊन राह्यलं तर त्याच्या संगं जावं. खर्चा माझा मी करतो. तुम्हाला बिलकुल तकलीफ न्हाई."

माझ्यानं नाही म्हणवेना. टूरवाल्याच्या फॉर्ममध्ये 'नाते' असा एक रकाना होता. तिथं मी 'मामा' लिहून मोकळा झालो.

सुनीताला हे पटलं नाही. तिची बाजूही खरी होती. लग्नानंतर नऊ वर्षांनी आम्ही कुठंतरी निघालो होतो आणि बरोबर कोर्टाचा शिपाई. "तिथं विमानतळावर हे माझ्या नावानं ओरडले ना, तर मी ओळख देणार नाही," ती म्हणाली. मी हे मामांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी मामा आले. बाहेर पुकारा न करता, चक्क कडी वाजवून. हातात एक कागद होता, तो त्यांनी सुनीतापुढं ठेवला.

"लिहून आणलंय, ताई. वाचून घ्या."

हमीपत्र होतं. 'मी खाली सही करणार, लिहून देतो की, परदेशात असेपर्यंत मी कोणाचाही, कोणत्याही कारणाने, मोठ्या आवाजात पुकारा करणार नाही.' खाली दोन साक्षीदारांच्या सह्यासुद्धा होत्या. मी पोट धरून हसलो. सुनीतानं कागद शेवटपर्यंत वाचला आणि कपाटात ठेवला.

मामांनी शब्द पाळला. इतका पाळला की बघवेना. विमानतळावर, हॉटेलात, रस्त्यात मामा कुजबुजत बोलायचे. जेवायला बोलवायचं असलं तर खोलीच्या दाराला तोंड लावून हळूच म्हणायचे, "राजेंद्र भीमराव." तेही तीनदाच. आत आम्हाला दार खाजवल्यासारखा आवाज यायचा आणि चिऊ घाबरायची.

बँकॉकची माणसं मुळातच हळू बोलतात. मामांना ते फार आवडलं नाही. "एवढं मोठं गाव, आणि सगळे साहेबाच्या चेंबरमधी बसल्यावानी बोलून राह्यलेत," ते म्हणाले. पुलावरून धावणाऱ्या गाडीत पुढच्या स्टेशनचं नाव सांगणाऱ्या बाईचा आवाज मात्र त्यांनी डोळे मिटून ऐकला. ती आधी त्यांच्या भाषेत सांगायची, मग इंग्रजीत. मामा दर स्टेशनाला वाट बघायचे आणि निराश व्हायचे. "आवाज साफ हाय बाईचा. पण दोनदाच पुकारते. तिसरा खाऊन टाकते."

आडव्या पहुडलेल्या बुद्धाच्या देवळात आम्ही गेलो. सोन्यानं मढवलेली ती भलीमोठी मूर्ती, एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नाही. सगळे फोटो काढत होते. मामा पावलांपाशी हात जोडून उभे होते. चिऊ काहीतरी बोलायला गेली तर ओठावर बोट ठेवून म्हणाले, "हळू. साहेब जेवून पडलेत."

आमची गाईड नोक नावाची एक हसतमुख मुलगी होती. नोक म्हणजे पक्षी, हे टोपणनाव आहे, इथं सगळे टोपणनावानंच बोलवतात, असं तिनं सांगितलं तेव्हा मामांचा चेहरा पडला. बसमध्ये माझ्या मध्यस्थीनं त्यांनी तिचं खरं नाव, वडिलांचं नाव आणि राहण्याचं ठिकाण काढून घेतलं, वहीत लिहिलं, आणि मगच तिच्या मागं चालायला लागले. आणि तिनं तेव्हाच सांगितलं की बँकॉक हेसुद्धा या शहराचं खरं नाव नव्हे. खरं नाव एवढं लांब आहे की शाळेत पोरं ते चालीवर पाठ करतात. तिनं म्हणून दाखवलं. त्यात महानगर होतं, अमर होतं, रत्न होतं, इंद्र होता, विष्णुकर्म म्हणून आपला विश्वकर्मा होता. नाव संपेपर्यंत आमची बस दोन चौक पुढं गेली होती.

मामांचे डोळे भरून आले. खोटं नाही सांगत. "याला म्हंतेत नाव," ते माझ्या कानाशी म्हणाले. "आख्खं. काही सोडलं न्हाई. आन् लोकं त्याला बँकॉक म्हणून राह्यलेत." त्या दिवशी हॉटेलच्या न्हाणीघरात नळ सोडून ते बारीक आवाजात हे नाव घोकत होते.

चौथा दिवस मोकळा होता. शनिवारचा मोठा बाजार भरतो तिथं आम्ही चौघंच गेलो. बाजार कसला, पत्र्याखालचं एक गावच. कपडे, भांडी, कुंड्या, कुत्री, पोपट, सगळ्याच्या बोळी. मधोमध एक घड्याळाचा मनोरा. सुनीता चिऊला चपला बघत होती, मी घाम पुसत होतो. वळून बघितलं तर मामा नाहीत.

पहिली दहा मिनिटं आम्ही चिडलो. पुढची वीस मिनिटं बोळी पालथ्या घातल्या. मग मात्र मी एकेक गोष्ट मोजायला लागलो. मामांचा फोन तिथं चालत नव्हता. इंग्रजी येत नाही. हॉटेलचं नाव माहीत असणं शक्य नाही, कारण त्यांना ते अर्धवट वाटायचं. वय बासष्ट, आणि दुपारचं ऊन असं की आमच्याकडचा मे महिना आठवावा. फिरून फिरून आम्ही मनोऱ्यापाशी आलो. तास उलटून गेला होता.

"पण ते ओरडत का नाहीत?" मी म्हणालो. "त्यांनी एक आरोळी ठोकली तर आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल."

सुनीताच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला कळलं. मामांनी लिहून दिलं होतं. तो माणूस परक्या देशात, उन्हात, कुठल्यातरी बोळीत हरवून उभा होता, आणि आम्हाला हाक मारत नव्हता, कारण त्यानं माझ्या बायकोला तसं लिहून दिलं होतं.

मी "मामा, मामा" म्हणून ओरडलो. चार थाई माणसांनी वळून बघितलं. इथं मामा म्हटल्यावर कोण येणार? पूर्ण नाव घ्यायला तोंड उघडलं आणि 'मुंजाजी'वरच अडलो. मला त्यांच्या वडिलांचं नावच माहीत नव्हतं. आडनावही अंदाजपंचेच. अकरा वर्षं एका कोर्टात काम केलं, रोज माझं, माझ्या बापाचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. मला माझीच लाज वाटली.

सुनीतानं पर्स माझ्या हातात दिली. मनोऱ्याच्या पायरीवर चढली. तिनं तो कागद खालच्या सहीतल्या आख्ख्या नावासकट वाचला होता, मी नुसता हसलो होतो. पदर सारखा करून ती ओरडली. सासरी नऊ वर्षांत तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता.

"मुंजाजीऽ लिंबाजीऽ शेळकेऽ, राहणार अंबड, हाजीर हाय काऽऽ?"

बाजार क्षणभर थांबला. कोणी आलं नाही. दुसऱ्यांदा ओरडली तेव्हा तिचा आवाज फाटला. लोक फोनवर चित्रण करायला लागले होते. विमानतळावर ओळख देणार नाही म्हणणारी ही बाई, तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तिसऱ्यांदा चिऊपण ओरडली.

आणि समोरच्या कुंड्यांच्या दुकानामागून, जेमतेम पंधरा पावलांवरून, मामा आले. शर्ट घामानं भिजलेला, चेहरा लाल. मनोऱ्यापुढं येऊन त्यांनी पाय जुळवले, हात जोडले आणि म्हणाले, "हाजीर."

"मामा, तुम्ही इथंच होतात?" सुनीता रडायच्या बेतात आली होती. "पहिली हाक ऐकू नाही आली?"

"आली ना. आत्ताच हितवर पोचलो अन् पहिलाच पुकारा ऐकला."

"मग आला का नाहीत?"

मी त्यांना सावलीत बसवलं. चिऊनं नारळाचं पाणी आणलं. ते अर्धं पिऊन झाल्यावर म्हणाले, "ताई, पहिला पुकारा कोणाचाबी होतो. माझ्या नावाचा तर दुसऱ्या कोणी तोबी कधी केला न्हाई. म्हणलं बघावं, तिसऱ्यापर्यंत थांबतेत का."

मग त्यांनी आपण होऊन सांगितलं. मी कधी विचारलं नव्हतं ते. लग्न झालं होतं. दोन वर्षांनी बायको आष्टीला माहेरी गेली ती परत आली नाही. भांडण झालं नव्हतं, मारझोड नव्हती. तिला नांदायचं नव्हतं, एवढंच. लोकांनी भरीला घातलं म्हणून मामांनी तिनं नांदायला यावं असा दावा टाकला. आपल्याच कोर्टात.

"तारखेला पुकारा कोण करणार? मीच केला," मामा म्हणाले. "तिचं नाव, माझं नाव, राहणार. तीनदा. ती आल्ती. भावासंगं लिंबाखाली उभी होती. माझ्याकडंच बघून राह्यल्ती. तिसऱ्या पुकाऱ्यालाबी जागची हालली न्हाई."

"मग?" सुनीतानं विचारलं.

"मंग काय. आत गेलो, साहेबाला म्हणलं, दावा काढून घेतो. साहेब म्हणले, अरे, ती आली न्हाई म्हंजे निकाल तुझ्याच बाजूनं लागंल. म्हणलं, साहेब, मी तीनदा बोलवल्यावर जिला यावं वाटंना, ती हुकमानं येऊन माझ्या घरी काय करंल? जाऊ द्या तिला. सुखी राहू द्या."

ते हे सगळं बाजारभाव सांगावा तसं सांगत होते. तीस वर्षं या माणसानं रोज शेकड्यांनी नावं पुकारली, आणि आम्ही त्याच्या आवाजाच्या नकला करून कँटीनमध्ये चहा प्यालो. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

सुनीता उठली. "चला, मामा. चिऊच्या चपला राहिल्यात," ती म्हणाली.

गर्दी वाढली होती. पुढं मी आणि चिऊ होतो, मागं ती दोघं. दोनतीनदा मी वळून बघितलं. सुनीतानं मामांच्या शर्टाची बाही मुठीत धरली होती, आणि मामा, ओढून नेलेल्या मुलासारखे, कुठल्याच दुकानाकडे न बघता तिच्या मागं चालत होते.